चिमटीतला वाल

मोड आलेला वाल चिमटीत हलकेच दाबला, की सालीतून दाणा टुणकन बाहेर पडतो. आज तो माझ्या उजव्या हाताच्या चिमटीतून तसा बाहेर पडला. पक्षाघातानंतर पहिल्यांदाच. मी नुसता बघत राहिलो.

परातीपलीकडे माझा थोरला भाऊ बसला होता. "बघ, इच्छाशक्ती! गोळ्याबिळ्यांच्या नादी लागला नाहीस ते बरं केलंस."

सुमन, माझी बायको, मान खाली घालून सोलत राहिली. व्यायामाआधी मी जी गोळी घेतो, तिला आम्ही 'व्हिटॅमिन' म्हणतो. ते खोटं मीच सुमनच्या तोंडी घातलं. गोळी मेंदूला तरतरी आणणारी आहे. डॉक्टरांनी रक्तदाबावर नजर ठेवून, जपून सुरू केलेली. त्याआधी मी व्यायामाच्या खुर्चीतच पेंगायचो. तरी लाज वाटायची, कॉपी करून पास झाल्यासारखी.

वालाला कुठे लाज वाटते? भिजत घातला, फडक्यात बांधून उबेला ठेवला, तेव्हा कुठे मोड आला. त्याला कुणी म्हणत नाही, स्वतःच्या हिमतीवर रुज.

"दादा, मी गोळी घेतो. जागं ठेवणारी. उद्याही घेणार."

"मग यात तुझं काय रे?"

"जागं तिनं ठेवलं. दाबला मी."

पुढचा वाल उचलला, तर तो निसटून परातीखाली गेला. सुमन उचलायला वाकली.

"राहू दे," मी म्हणालो. "माझा आहे तो."