तीन वाजता बंद पडणारा लॅपटॉप

आळेफाट्यावर माझं लॅपटॉप रिपेअरिंगचं दुकान आहे. दहा बाय दहाचा गाळा, एक टेबल, एक ब्लोअर आणि दत्ता. दत्ता माझा पार्टनर. हात सोन्याचे, पण तोंड! गिऱ्हाइकाला जे बोलू नये ते बरोबर त्याच्या तोंडून बाहेर पडतं.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक लॅपटॉपांची तक्रार एकच, "लई तापतोय." स्क्रू काढून मागचं झाकण उघडलं की आतून धूळ निघते आणि धुळीबरोबर एखादा किस्सा निघतो. धूळ आम्ही ब्लोअरने उडवून टाकतो, किस्से मात्र साचत जातात. घरी जेवताना सांगायला लागलो की बायको म्हणते, "निदान ताटावर तरी दुकान उघडू नका!" पण आता विषय तुम्हीच काढलात, मग बसा.

•••

पेठचे एक गुरुजी आले. दसरा होऊन आठवडा झाला होता. पांढराशुभ्र शर्ट, हातात लॅपटॉपची बॅग.

"दसऱ्यापर्यंत एकदम ठणठणीत होता हो. पूजा केली आणि दुसऱ्या दिवसापासून तापायला लागला!"

मी लॅपटॉप टेबलावर ठेवून चालू केला. आतला पंखा घरघरला आणि बाजूच्या जाळीतून भस्सकन लाल-पिवळा धुरळा उडाला तो थेट गुरुजींच्या शर्टावर. कुंकू! वर हळद! आत झेंडूच्या पाकळ्या, आणि चार्जरच्या शेजारच्या भोकात उदबत्तीची काडी मोडलेली.

"उदबत्ती खोचायला दुसरी जागा नव्हती," गुरुजी म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी मला विचारलं, "विधीत काही चुकलं का हो?"

मी काही बोलायच्या आत दत्ता म्हणाला, "विधी बरोबर होता गुरुजी. फक्त देव चालू होता!"

•••

थंडी पडायला लागली त्या सुमाराला खोडदची अश्विनी आली. तिची गोष्ट थोडी निराळी, कारण तिथे हसण्यासारखं काही नव्हतं.

लग्नाआधी ती पुण्यात एका कंपनीत होती. लग्न होऊन खोडदला आली, तरी कंपनीने तिला घरून काम दिलं. दिवसभर व्हिडिओ कॉलवर लोकांच्या अडचणी सोडवायच्या. लॅपटॉप मात्र स्वतःचा, आणि तो रोज दुपारी तीनच्या आसपास तापून बंद पडायचा. कॉल अर्धवट तुटायचा. मॅनेजरने शेवटचं सांगितलं होतं, असंच चाललं तर महिनाअखेर पुण्याच्या ऑफिसात हजर व्हा.

पुण्याला जायचं म्हणजे खोली घेऊन राहायचं. नवरा शेतीत अडकलेला, आणि मुलगी चिऊ तीन वर्षांची.

"म्हणजे चिऊची भेट फक्त रविवारी," अश्विनी म्हणाली.

सोबत तिची सासू होती, आक्का. चिऊला मांडीवर घेऊन त्या स्टुलावर बसल्या होत्या. त्या सरळ माझ्याकडे वळल्या. "विलास, काय बी कर बाबा, पन माजी सून घरात ऱ्हाऊ दे. ही पोरगी आईशिवाय घास गिळत न्हाई. आन खरं सांगू का, मलाबी करमायचं न्हाई."

सासू सुनेसाठी अशी गळ घालताना मी पहिल्यांदाच बघत होतो. म्हटलं, "आक्का, काळजी सोडा. उद्या न्या."

आम्ही लॅपटॉप पार उघडला, पंखा धुवून काढल्यासारखा साफ केला, आतली चिप गार ठेवणारी नवी पेस्ट लावली. दिवसभर व्हिडिओ चालू ठेवला. तीन वाजले, चार वाजले, पाच वाजले. हात लावला तर थंडगार!

•••

त्याच आठवड्यात आळे गावचे एक शेतकरी आले. मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घेतलेला. फाट्यावर ट्रॅक्टरची सीट शिवणाऱ्याकडून त्याला जाड रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलेलं. कळफलक आणि स्क्रीनपुरतं तोंड उघडं, बाकी कुठून मुंगीसुद्धा शिरायची नाही.

"धूळ जायला नको ना राव!" ते म्हणाले.

"अहो, हवा पण जात नाही! ट्रॅक्टर असा गुंडाळून चालवाल का?"

"ट्रॅक्टरला रेडिएटर असतो. तो झाकून कसं चालंल?"

"मग? यालाही तसाच रेडिएटर असतो!"

त्यांना एकदम पटलं. तिथल्या तिथे कात्रीने कव्हर फाडलं. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. समजावून सांगावं तर असं!

चार दिवसांनी ते पुन्हा हजर. हातात पाण्याची बाटली.

"रेडिएटर हाय म्हणालात ना. मग पानी कुठनं घालायचं तेवढं दाखवा, म्हंजे रोज सकाळी बघत जाईन!"

•••

अश्विनी आठ दिवसांत परत आली. डोळे सुजलेले. आक्का आणि चिऊ बरोबर होत्याच.

"काल परत तीन वाजता गेला. आता मॅनेजर म्हणतो, शुक्रवारी शेवटचं बघू."

मी चिडलो. तिच्यावर नाही, लॅपटॉपवर. दुकानात गुण्यागोविंदाने चालतो आणि खोडदला गेला की तीन वाजता मान टाकतो, याला काय अर्थ आहे?

दत्ताने अक्कल पाजळली. "खोडदला त्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या हायेत ना, तीनला त्यांचं तोंड हिच्या घराकडं होत असंल."

"तुझं तोंड बंद कर," मी म्हणालो.

मी अश्विनीला ऐटीत समजावत होतो, लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवावा, दर सहा महिन्यांनी साफ करावा, हयगय करू नये. एवढ्यात शेजारी माझा स्वतःचा लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. खाली हवा जावी म्हणून मी त्याला बाटलीची चार बुचं लावली होती. घेतल्यापासून एकदाही उघडलेला नाही, वेळ कुठे असतो?

आक्कांनी सहज त्यावर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. "आगं बया! ह्यो तर चुलीवानी तापलाय!"

अश्विनी त्या अवस्थेतही हसली. मी लॅपटॉपचं झाकण लावलं आणि म्हणालो, "शुक्रवारी मीच घरी येतो."

•••

मधल्या दिवसांत एक इंजिनिअर पोरगा आला. मंचरचा, चांगला शिकलेला. लॅपटॉपमधून पाणी ठिबकत होतं.

"तापत होता म्हणून फ्रिजमध्ये ठेवला," तो म्हणाला. माझा चेहरा बघून घाईघाईने पुढे म्हणाला, "वर बर्फात नाही हो, एवढं कळतं मला! खाली, भाजीच्या ट्रेमध्ये."

दत्ताने झाकण उघडलं. पंख्यात कोथिंबिरीच्या दोन काड्या अडकलेल्या. त्याने चिमट्याने त्या बाहेर काढल्या, उजेडात धरल्या आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय. पण कोथिंबीर अजून ताजी हाय!"

•••

शुक्रवारी मी आणि दत्ता बाराच्या सुमाराला खोडदला पोचलो. अश्विनी आतल्या खोलीत हेडफोन लावून कामात होती. टेबलावर कॅमेरा लावलेला मोठा स्क्रीन, आणि त्याला वायरने जोडलेला लॅपटॉप टेबलाला लागून असलेल्या टीव्हीच्या जुन्या कपाटात, खालच्या फळीवर. फळी सपाट, धूळ नाही, मागची बाजू मोकळी. हात लावला तर गार! मला काही म्हणता काही सापडेना.

आक्का आम्हाला न जेवता सोडणारच नव्हत्या. पिठलं, भाकरी, ठेचा आणि दही. आणि काय दही! वाटी पालथी केली तरी हलणार नाही असं.

दत्ता तिसऱ्यांदा वाटी पुढे करत म्हणाला, "आक्का, या थंडीत असलं दही? आमच्या घरी तर नुसतं पाणी होतंय!"

आक्का खुलल्या. "आरं, माजंबी तसंच व्हत व्हतं. सैपाकघर निस्तं बर्फ. पन विरजायला जागा घावली मला एक."

"कुठली?"

"ते न्हाई सांगायची!" त्या हसल्या आणि चिऊला घेऊन आत गेल्या. रोज जेवण झालं की त्या सुनेच्या पायाशी अशाच नातीला घेऊन बसायच्या.

आम्ही ओसरीवर बसून तीनची वाट बघत होतो. तीनला दहा कमी असताना आतून अश्विनी ओरडली, "गेला! विलासभाऊ, गेला!"

मी धावत आत गेलो, कपाटाच्या मागे हात घातला आणि भाजल्यासारखा बाहेर काढला. मागे कापडाचं गाठोडं होतं. जुनं लुगडं, लॅपटॉपच्या गरम हवेच्या जाळीला गच्च चिकटवून चारी बाजूंनी खोचलेलं. गाठोडं सोडलं. आत स्टीलचा डबा. डब्याचं झाकण काढलं.

दही!

अश्विनीने सासूकडे बघितलं. आक्कांचा चेहरा खर्रकन उतरला. त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या.

"म्हंजे मीच? आगं, मी रोज देवाला हात जोडत व्हते तुज्यासाठी. आन उठून तुज्याच पोटावर पाय देत व्हते व्हय?"

मी खरं तर ओरडणार होतो. पंखा साफ केला होता, पेस्ट लावली होती, दुकान बंद ठेवून आलो होतो. पण त्या म्हातारीच्या डोळ्यांतलं पाणी बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. अश्विनी तर खाली बसून त्यांना धरूनच राहिली. दत्ताही गप्प होता, म्हणजे बघा!

दहा मिनिटांत लॅपटॉप निवला. चालू करतोय तोवर मॅनेजरचा कॉल. मराठीच होता तो, आवाज कडक.

"अश्विनी मॅडम, आज शुक्रवार आहे आणि आजही कॉल तुटला. आता मला..."

एवढ्यात आक्का उठल्या, डोळे पुसले, पदर सारखा केला आणि डबा हातात घेऊन थेट कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "सायेब, मी हिची सासू. चूक माजी हाय, पोरीची न्हाई. तुमच्या मशिनीची ऊब लागती म्हनून मी त्येच्यामागं दही लावत व्हते. काय बोलायचं ते मला बोला. पन तिला पुन्याला नेऊ नका. तिची पोर ल्हान हाय."

स्क्रीनवर मॅनेजरचा चेहरा होता तसाच थिजला. मला वाटलं, नेट गेलं.

मग मॅनेजरने विचारलं, "आजी, लागलं का दही?"

"अर्धंच," आक्का म्हणाल्या. "तुमच्या मिटिंगपायी मधीच सोडावं लागलं!"

मॅनेजर हसला. आधी दाबून, मग मोकळेपणाने. आणि म्हणाला, "अजून एक महिना बघू."

•••

महिनाभर लॅपटॉप एकदाही बंद पडला नाही. अश्विनीचं घरूनच काम कायम झालं. ही बातमी द्यायला आक्का एकट्या दुकानात आल्या, पेढे घेऊन. पेढा खाऊन झाला तरी त्या जायचं नाव घेईनात.

"आक्का, अजून काही काम होतं का?"

"सुनेचे सायेब रविवारी नाशिकला चाललेत. वाटंत आपल्याकडं जेवायला थांबनार हायेत. दही खायाचं म्हनत्यात." त्या जरा थांबल्या. "पन घरी तर आता काय बी लागंना. तवा म्हनलं, तुज्याकडं एकांदा बिनकामाचा लॅपटॉप असंल तर बघावं. चांगला नको. तापनारा पायजे."

दत्ताने लगेच कपाटातले जुने लॅपटॉप काढून रांगेने मांडले, वायरी जोडल्या आणि चालू केले. आक्का एकेकावर तळहात ठेवून बघू लागल्या. पहिला, नाही. दुसरा, नाही. तिसऱ्यावर जरा रेंगाळल्या, मग मान हलवली. असं करत करत टेबलाच्या टोकाला आल्या आणि तिथल्या लॅपटॉपवर हात ठेवताच त्यांचा चेहरा उजळला.

"ह्यो दे!"

"आक्का, तो माझा आहे!"

"मग तर ब्येसच! पन तू उगा साफबीफ केला न्हाईस ना त्याला?"

दत्ता बुचं गोळा करून त्यांच्या पिशवीत टाकत म्हणाला, "न्या आक्का बिनधास्त. ती गॅरंटी माझी!"