बारा तेहतीस

नवरा गेला तेव्हा मी शाळेत पेपर तपासत बसले होते. निरोप आला, शेजारच्या मास्तरांनी गाडीवर बसवलं आणि कळसाडीला घरी पोहोचले. तो ओट्यावर होता, चादर घातलेली. आरोग्य केंद्राचे डॉक्टर कागद भरत होते.

"किती वाजता गेले?"

घरात त्या वेळी फक्त सासूबाई होत्या. त्यांना घड्याळ कळत नाही. शहाद्यात घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माणसाची आई, पण हातात कधी घड्याळ बांधलं नाही.

"त्यानी पानी मांगं," त्या म्हणाल्या. "मी पानी लई उनू, तव्हळ सावली पायखाल व्हती."

"म्हणजे बारा," डॉक्टर म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. "साडेबारा. बारा तेहतीस म्हणा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला मात्र त्या क्षणी नवऱ्याचंच बोलणं आठवत होतं. देशाचं घड्याळ पूर्वेकडच्या रेषेवर लावलेलं आहे, आपण पश्चिमेला. त्यामुळे नंदुरबारकडे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सुमारे बारा तेहतीस झालेले असतात, ऋतूप्रमाणे थोडे मागेपुढे. हे त्याने मला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात अंगणात काठी रोवून दाखवलं होतं. असं बरंच काही तो सांगायचा. पूर्वी घड्याळाला मिनिटकाटाच नव्हता. देशभर एक वेळ ठरली तरी मुंबई आपली वेगळी वेळ पाळत राहिली, स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं, एकोणचाळीस मिनिटं मागे. मी भाकऱ्या थापता थापता हूं हूं करायचे. अर्धं ऐकलेलंच नसायचं.

डॉक्टरांनी साडेबारा लिहिलं. मी सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

तेरावं झाल्यावर दुकान उघडलं, लोकांची घड्याळं परत करायला. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली होती, त्यामुळे अडचण आली नाही. कापडदुकानाचे मारवाडी शेठ आले. त्यांच्या वडिलांचं चावीचं घड्याळ होतं.

"झालं होतं का हो दुरुस्त?"

मी चावी दिली. चाललं. त्यांनी कानाला लावलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता मलाही रडू येईल. मी वाट पाहिली. त्यांना पिशवी हवी का विचारलं.

दोन दिवसांत फडताळ रिकामं झालं. हत्यारं सारंगखेड्याच्या एका कारागिराने नेली. गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. शाळेला जायची माझी बस तिथूनच जाते.

सासूबाई म्हणतात, "रड ना बेटा, एकदाव."

मी हो म्हणते आणि ताटं वाढायला घेते.