ओघळीची जागा

आमच्या पाटोद्याकडच्या डोंगरात सपाट जागेवर घर बांधायला कुणाचं मन धजत नाही. सपाट जमीन मुळातच थोडी, ती पिकाला हवी. म्हणून दुष्काळात गावानं घरांसाठी सोसायटी काढली, तेव्हा वाट्याला डोंगराचा उतारच आला. माझे सासरे तिचे चेअरमन. नियम त्यांनीच मांडले आणि सगळ्यांनी हात वर केले. दुष्काळी कामावर खणलेल्या चरांच्या वर घर नाही, पुरुषभर उंचीपेक्षा जास्त डोंगर कापायचा नाही आणि ओघळीच्या दोन्ही अंगांना बैलगाडी जाईल एवढी जागा मोकळी सोडायची.

ओघळ म्हणजे डोंगरावरून पाणी उतरायची वाट. पण पाणी होतं कुठं? तिच्यात शेळ्या बसायच्या. टँकर उताराच्या पायथ्याशी थांबायचा आणि आम्ही बाया हंडे घेऊन वर चढायचो. अशा गावात पाण्यासाठी जागा राखायची म्हटल्यावर बाया हसणारच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणायच्या.

मग प्लॉटच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि ओघळीकडेचा प्लॉट नेमका आमच्याच वाट्याला आला. सासऱ्यांनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. नियम पाळला तर दोन खोल्यांऐवजी एकच बसत होती. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घरात सासू-सासरे, धाकटा दीर आणि आम्ही दोघं. दुसरी खोली मला कशाला हवी होती, हे कुठल्याही नव्या सुनेला विचारा. लोकच म्हणत होते, चेअरमन, बांधून टाका, तुमाला कोण अडवतंय. मीही सासूबाईंकरवी विचारलं. नियम आहे, एवढंच उत्तर आलं.

एकच खोली उभी राहिली. माझा राग परातीतल्या भाकरीवर निघायचा. आम्ही नवरा-बायको ओट्यावर पडदा लावून निजायचो आणि सकाळी उठून मी त्या रिकाम्या जागेत मनातल्या मनात माझी खोली मांडायची. इथं पलंग, इथं खिडकी, इथं माहेरची पेटी.

पुढं एका वर्षी पोळा झाल्यावर भर दुपारी डोंगरमाथा काळा झाला. आमच्या दारात चार थेंब पडले, पण वरून गडगडत काहीतरी येत होतं. चर भरून सांडले आणि ओघळ उतरली. तांबडं पाणी, त्यात झुडपं, माणसाला उचलणार नाहीत असे धोंडे. ते सगळं माझ्या खोलीतून चाललं होतं. पलंगाच्या जागी कमरेएवढं पाणी होतं. आमच्या भिंतीपासून हातभर अंतर राखून ते खाली गेलं. एवढं मोठं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

सासरे भिंतीला पाठ लावून उभे होते. मी कधी त्यांच्याशी समोरासमोर बोलले नव्हते, पण त्या दिवशी न राहवून विचारलं, "मामंजी, एवढं पाणी येनार, तुमाला म्हाईत होतं?"

"न्हाई, पोरी," ते म्हणाले. "सोडलेली जागा पुरंल का न्हाई, ह्येबी म्हाईत नव्हतं. तुमी समदी हितं निजायचा, मला रोज भ्या वाटायचं."

मी पदर सावरला आणि त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिले.