मागचा हाय का?

आमच्या बीडच्या सायकलवाल्यांचा एकच नियम आहे आणि तो मी मोडला. मोडला हे फक्त मला ठाऊक होतं. बाकीच्यांना वाटलं, गंमत झाली. त्या गमतीवर लोक दोन महिने हसले आणि मी दोन महिने एका जागी धड बसू शकलो नाही. म्हणून आज लिहायला बसलोय, तर एवढ्या चार ओळींत दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

तसा मी मुळातच उतावळा. ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. पोरांनी उत्तर काढायच्या आत फळ्यावर लिहून मोकळा होतो. बायको म्हणते, पायाला भिंगरी लागलीय तुमच्या. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगून रोज चालायला लावलं, तर चालण्याचा वेग मला सोसवेना. मग सायकल आली. रस्त्यावरची सायकलही सपक वाटायला लागली, तेव्हा रुंद टायरची, गिअरची, डोंगरात चालणारी आणली.

डोंगरात सायकल घालणारे आम्ही चौघं. एक मी, सर. दुसऱ्या बाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, चढाला आम्हा तिघांना मागं टाकतात आणि वर पोचून डबा उघडून बसतात. तिसरे पुढारी. चकलांब्याकडचे जमीनदार, पोरांच्या शिक्षणासाठी बीडला घर केलेलं, दोनदा निवडणूक हरलेले. चढाला धाप लागली की म्हणतात, "ह्या डोंगरातल्या शेळ्यांना मतं असती ना सर, तर मी कवाच निवडून आलो असतो." आणि चौथा मिस्त्री. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या वडलांचंही होतं. चाक वेडंवाकडं झालं की तारा आवळून-सैल करून ते सरळ करायचं, त्याला आउट काढणं म्हणतात. मिस्त्रीसारखा आउट काढणारा अख्ख्या जिल्ह्यात नाही, हे मी गणिताचा माणूस म्हणून सांगतो. चाक फिरवायचा, एक डोळा मिटायचा आणि उजव्या हातातल्या चावीनं कुठल्या तारेला पाव फेरा द्यायचा हे त्याला आपोआप कळायचं.

रविवारी सकाळी आम्ही नारायणगडाच्या बाजूला निघतो. गडाच्या रस्त्यावर लोकांना वाटतं, आम्ही नवस फेडायला चाललोय. एकदा एका म्हातारीनं पुढाऱ्यांना थांबवून विचारलं, "कशाचा नवस बोललतास रं बाबा, एवढं बेजार व्हायलास ते?" पुढारी म्हणाले, "पोट कमी व्हायचा." तिनं त्यांच्या पोटाकडं बघितलं आणि म्हणाली, "देवाला येळ लागतो कवा कवा."

गडाच्या बरंच अलीकडं डावीकडं एक डोंगर आहे, त्यावरून शेळ्यांची वाट उतरते. मुरूम, सुटे दगड, दोन्ही बाजूंनी बाभळी आणि चार वळणं. वळणावर मागचा माणूस दिसत नाही. एकदा पुढारी तिथं काट्यात पडले आणि आम्ही खाली चहा पीत बसलो. वर त्यांनी आम्हाला ज्या काय शिव्या घातल्या, त्या बाईंच्या देखत त्यांना नंतर सांगता आल्या नाहीत. त्या दिवशी नियम झाला. प्रत्येक वळणावर शेवटून दुसऱ्यानं ओरडायचं, "मागचा हाय का?" शेवटच्यानं म्हणायचं, "हाय!" जवाब आल्याशिवाय पुढं जायचं नाही. बाई त्याला हजेरी म्हणायच्या. शेवटी नेहमी मिस्त्री, कारण कुणाची चेन तुटली, ट्यूब फाटली तर तो मागून येऊन बघणार. आणि त्याच्या पुढं मी.

आता माझं खूळ सांगतो. ती वाट वरून खालपर्यंत पाय न टेकता उतरायची. आठ महिने मी त्यापायी पछाडलो होतो. बाईंना ते कधीच जमलं होतं, त्यांना त्याचं काही नव्हतं. मला मात्र दर रविवारी तिसऱ्या नाहीतर चौथ्या वळणावर पाय टेकावा लागायचा आणि आठवडाभर तो टेकलेला पाय डोक्यात फिरायचा. वर्गात वर्तुळ काढताना मी वळण काढत असायचो. ह्या वयात असलं वेड शोभत नाही, हे मला कळत होतं. पण कळून कुणाचं वेड गेलंय?

त्या रविवारी बाई आणि पुढारी आधीच उतरून गेले होते. मी निघालो, माझ्यामागं मिस्त्री. पहिलं वळण. "मागचा हाय का?" "हाय!" दुसरं वळण, तसंच. मिस्त्रीचा 'हाय' म्हणजे डब्याचं झाकण लावल्यासारखा, तोकडा. तिसऱ्या वळणावर सायकल अशी वळली होती की मला माझाच विश्वास बसेना. तेवढ्यात मागं दगड घरंगळले. मी न थांबता ओरडलो, "मागचा हाय का?"

"हाऽऽय," असं आलं.

लांबलेलं, मधे श्वास तुटलेला. आमच्याकडं 'आहे'लाही हाय म्हणतात आणि कळवळून येतं तेही हायच. पण चार वर्षं ज्याचा आवाज दर रविवारी ऐकला, त्याच्या दोन हायमधला फरक मला कळणार नाही? कळला. बोटं ब्रेकवर गेलीसुद्धा, मागचं चाक कुईं करून आवळलं. पण थांबलो असतो तर पाय टेकला असता. पुढं एकच वळण राहिलं होतं. मी मनाशी म्हणालो, जवाब तर आलाय. आणि बोटं काढली.

खाली पोचलो तेव्हा दोन्ही हात वर होते. बाईंनी टाळ्या वाजवल्या. पुढारी म्हणाले, "घ्या, आता गुलाल उधळा." मी हसलो, पण डोळे वाटेकडं. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"मागचा कुठाय?" बाईंनी विचारलं. "तुम्ही विचारलं होतं ना?"

"विचारलं. हाय म्हणाला तो," मी म्हणालो. खोटं त्यात काहीच नव्हतं, आणि तेच मला आजवर टोचतं.

आम्ही पळत वर गेलो. मिस्त्री तिसऱ्या वळणाच्या वर बाभळीला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर, मनगट भलतीकडंच वळलेलं, तोंड पांढरंफटक. पुढाऱ्यांनी गळ्यातला रुमाल सोडून हात बांधला. बाई म्हणाल्या, "अहो, सरांनी विचारलं तेव्हा तुम्ही हाय म्हणालात की!"

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मग घामेजल्या तोंडानं हसला. "बाई, ते हजेरीतलं हाय नव्हतं. ते 'हाय अल्ला'तलं हाय व्हतं. अल्ला म्हणायला दम पुरला न्हाई."

पुढारी एवढे हसले की त्यांना खाली बसावं लागलं. बाईंनाही आवरेना. मीही हसलो. माझ्या आयुष्यात मी इतका हलकट कधी हसलो नसेन.

दवाखान्यात हाडात तार घातली, दोन महिने प्लॅस्टर. आणि गोष्ट सुटली गावभर. पुढाऱ्यांनी ती उमापूरच्या एका लग्नात सांगितली, तिथून ती आमच्या स्टाफरूममध्ये आली. दुकानासमोर चहाला उभे राहणारे म्हणायचे, "काय बे, हाय म्हणलास आन् सर निघून गेले व्हय?" आणि मिस्त्री प्लॅस्टरचा हात छातीशी धरून पहिल्यापासून सांगायचा. माझा आवाज काढायचा, स्वतःचा काढायचा, शेवटी "दम पुरला न्हाई" म्हणून थांबायचा. माणसं गुडघ्यावर थापा मारायची. मी तिथंच असलो तर माझ्याही पाठीवर एक थाप पडायची.

मी जवळजवळ रोज जायचो. सांगायचं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. घरी खुर्चीत बसलो की उठावंसं वाटायचं, उठलो की कुठं जायचं कळायचं नाही. पेपर तपासताना एकाच पोराला दोनदा गुण दिले. बायकोनं विचारलं, "झालंय काय तुम्हाला?" मी म्हणालो, "काही नाही, साखर." रविवारी बाई आणि पुढारी निघाले तर मी पाठदुखीचं निमित्त काढलं.

दुकानात मी मिस्त्रीच्या हाताखाली चाकं धरायला लागलो. तो सांगायचा, मी चावी फिरवायचो. "पाव फेरा, सर. पाव! तुमी अर्धा दिला." मी दिलेल्या अर्ध्या फेऱ्यानं चाक आणखी वाकायचं. "गणिताचे सर हाव ना तुमी?" तो म्हणायचा. त्याच्या बोलण्यात राग नसायचा, आणि मला वाटायचं, असता तर बरं झालं असतं.

प्लॅस्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो. दुकानात कुणी नव्हतं. मिस्त्रीनं चाक लावलं, डोळा मिटला, चावी उचलली. अंगठ्यात जोर नव्हता, चावी खाली पडली. उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्यानं ती डाव्या हातात घेतली आणि मग चाकाकडं नुसता बघत राहिला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणले, पकड पयल्यासारखी येईल का न्हाई, आताच सांगता येत न्हाई."

माझा तोल गेला. जे दोन महिने घशात होतं ते एका दमात बाहेर पडलं. "मिस्त्री, मला कळलं होतं. तो हाय जवाबाचा नव्हता हे मला तिथंच कळलं होतं. पाय टेकू नये म्हणून मी थांबलो नाही."

मिस्त्रीनं चावी डब्यात टाकली. "म्हाईत हाय मला."

"कसं?"

"तुमची मागची डिस्क, ब्रेक दाबला की कुईं करती. मीच बसवलेली हाय. ती कुईं केली आन् लगेच सुटली. म्हणलं, सरांनी ऐकलं. आन् चालले."

"मग तू ते... हाय अल्लाचं..."

"तुमचं तोंड बघितलं ना मी. बाई बघायल्या, पुढारी बघायले. आपलं चौघांचं संगं जाणं मोडलं असतं त्या दिवशी." त्यानं चावीचा डबा बाजूला सारला. "आन् सांगता सांगता, सर, मलाच ते खरं वाटायला लागलतं. लोक हसायचे, मी बी हसायचो. हात दुखायचा ते इसरायचो. आता कशापायी सांगितलं तुमी?"

"मला राहवेना," मी म्हणालो.

"तेच तर," तो म्हणाला. "तुमाला लई घाई."

आवाज चढलेला नव्हता. मी आलो होतो मन मोकळं करायला, आणि झालंही होतं ते, खोटं कशाला बोलू. दोन महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरलं होतं. ते उतरवून मी त्याच्या अंगावर ठेवलं होतं. आउट काढताना त्याच्याकडं रोज बघूनही मला पाव फेऱ्याएवढा धीर आला नव्हता.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक पंक्चर ट्यूब घेऊन आलं, तालुक्याकडचा कुणी शेतकरी, आम्हाला न ओळखणारा. त्याची नजर मिस्त्रीच्या सुकलेल्या, केस चिकटलेल्या मनगटावर गेली.

"काय झालं हो मिस्त्री हाताला?"

मी तोंड हसरं करून तयार राहिलो. सवयच झाली होती तशी. मिस्त्रीनं ट्यूब डाव्या हातानं पाण्यात दाबली.

"पडलतो डोंगरात."

"संगं कुणी नव्हतं का?"

बुडबुडे कुठून येतात ते तो बघत होता. माझ्याकडं त्यानं मान वळवली नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "एकटाच व्हतो."