उजव्या पायाचं माप

अण्णांनी आयुष्यात एकच वस्तू पोस्टाने मागवली, आणि तिने आम्हा तिघांना चार महिने कामाला लावलं. ती वस्तू म्हणजे बूट. मासिकातल्या जाहिरातीतले, तपकिरी, मऊ तळव्याचे, 'साखर असलेल्यांसाठी खास मापाबरहुकूम'.

नव्वदनंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. अण्णा म्हणजे माझे वडील. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, आईबरोबर सांगलीत राहायचे. मी साताऱ्याला एका कचेरीत टायपिस्ट होते, दर शनिवारी एसटीने घरी यायचे. अण्णांना साखर होती. वहाणेने उजव्या अंगठ्याला फोड आला तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "गुरुजी, वहाणा बंद. मऊ बूट घ्या आणि पाय रोज बघत जा. हा अंगठा चिघळला तर काढावा लागेल." येताना बसमध्ये अण्णा म्हणाले, "उगीच घाबरवतात लेकाचे." पण आठ दिवसांत त्यांनी ती जाहिरात कापून पंचांगात ठेवलेली दिसली. म्हणजे घाबरले होते.

सांगलीत बुटांची दुकानं नव्हती असं नाही. पण दुकानात पाय पुढे करायचा आणि माप घेणारा निघायचा आपलाच जुना विद्यार्थी, हे अण्णांना पटणारं नव्हतं. कंपनी उत्तरेत कुठेतरी होती. तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं, हा त्या कंपनीचा मोठाच गुण.

माप घ्यायची रीत जाहिरातीत दिली होती. कागदावर पाय ठेवायचा, पेन्सिल उभी धरायची, कडेने रेघ ओढायची. दोन्ही पायांची. आई म्हणाली, "तुम्हाला वाकवत नाही, मी ओढते रेघ." अण्णा म्हणाले, "तीस वर्षं भूमिती मी शिकवलीय की तू?" आणि खोलीचं दार लावून घेतलं.

'पंधरा दिवसांत घरपोच' असं छापलं होतं. पंधरा दिवसांत आलं आभाराचं पत्र. मग आलं कंपनीचं कॅलेंडर, त्यावर बर्फाचे डोंगर. मग आणखी एक पत्र, की कृपया मापं पाठवा. ती कधीच पाठवलेली होती. शेवटी एकदाचे बूट आले ते व्हीपीने, म्हणजे पोस्टमनला आधी पैसे द्यायचे आणि मग खोकं उघडायचं. अण्णांनी आधी उघडून बघतो म्हटल्यावर पोस्टमन म्हणाला, "आवं गुरुजी, असं कसं? आधी पैसं. आत दगूड निघाला तरी आमी जबाबदार न्हाई."

दगड नव्हता. पण चित्रातला तपकिरी रंग जांभळाच्या सालीसारखा निघाला. आई म्हणाली, "असू दे, पायात घालायचेत, डोक्यावर नाही." डावा बूट झक्क बसला. उजवा काही केल्या चढेना.

आणि तिथून आमचं महाभारत सुरू झालं. अण्णा इंग्रजीत मसुदा लिहून ठेवायचे, मी तो साताऱ्याला नेऊन जेवणाच्या सुट्टीत टाईप करायचे. काय ती भाषा! इंग्रज असता तर चळाचळा कापला असता. कंपनीकडून मात्र दर वेळी छापील कागद यायचा, त्यात फक्त अण्णांचं नाव शाईने भरलेलं, तेही चुकीचं. मग कळवलं, की बूट मूळ खोक्यातच परत पाठवा. त्या खोक्यात आईने तोवर चिंच भरून ठेवली होती. चिंच काढली, खोकं उन्हात टाकलं, बूट पाठवला. महिन्याने तोच बूट परत आला, सोबत चिठ्ठी, 'मापाप्रमाणे बरोबर आहे'.

"चोराच्या उलट्या बोंबा," अण्णा म्हणाले आणि नवीन मसुदा लिहायला बसले.

या सगळ्यात ते डाव्या पायात बूट आणि उजव्या पायात जाड मोजा घालून जुनी स्लिपर, अशा थाटात घरात फिरायचे. आई म्हणायची, "मोजा रात्रीसुद्धा काढत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे." खरं सांगायचं तर मला त्या भांडणाची मजा यायला लागली होती. कचेरीत मी अण्णांची पत्रं वाचून दाखवायचे आणि सगळे हसून लोळायचे.

शेवटी कंपनी कंटाळली. तिने अण्णांनी पाठवलेली मापंच परत पाठवली, की तुम्हीच ताडून बघा. मी शनिवारी आले तेव्हा लिफाफा तसाच पडला होता. अण्णांनी उघडला नव्हता. मी उघडला.

अण्णांच्या डाव्या पायाचं दुसरं बोट वाकडं होतं. तरुणपणी ते बैलगाडीच्या चाकाखाली आलं होतं. कागदावर ते तसंच उतरलं होतं. आणि उजव्या पायाच्या कागदावरही दुसरं बोट तसंच वाकडं. अण्णांचं उजवं बोट सरळ होतं. डाव्याचा कागद त्यांनी खिडकीच्या काचेवर उलटा धरला होता आणि त्यावरून उजवा गिरवला होता.

"हे काय अण्णा?"

"माणसाचे दोन्ही पाय सारखेच असतात."

"मोजा काढा."

"आधी कंपनीला काय लिहायचं ते बघ."

"मोजा काढा अण्णा."

त्यांच्याशी त्या आवाजात मी कधी बोलले नव्हते. ते कॉटवर बसले. मोजा निघेना, तो जखमेला चिकटला होता. आईने कोमट पाणी आणलं. भिजवून भिजवून मोजा काढला. पाऊल सुजलं होतं, अंगठा काळा पडला होता.

"माप घ्यायच्या दिवशीच त्यातून पू येत होता," अण्णा म्हणाले. "कागदावर ठेवला असता तर डाग पडला असता. तुम्ही बघितलं असतं."

सोमवारी मिरजेला अंगठा काढला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, "चार महिने घरातल्या कुणीच पाय बघितला नाही?" एवढा सगळा पत्रव्यवहार मीच टाईप केला होता. दर शनिवारी पिशवी खाली ठेवायच्या आत मी विचारायचे, "अण्णा, कंपनीचं काय झालं?" पाय कसा आहे, असं एकदाही विचारलेलं मला आठवत नाही.