कुर्डू उपटणारा हात

अमडापूरच्या घरापुढच्या मोकळ्या जागेत यंदा मी मुद्दाम कुर्डू पेरला. शेतात त्याला तण म्हणतात, पण मला त्याचे गुलाबी तुरे आवडतात. निंदणाला, शेतातलं तण काढायला जाणारी एक बाई रोज सकाळी कुंपणापाशी रेंगाळायची आणि ती गेली की चार रोपं उपटून टाकलेली दिसायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी टपूनच बसले आणि तारेतून आत आलेलं तिचं मनगट धरलं.

"मावशी, काऊन उपटता?"

तिने हातातल्या रोपाकडे पाहिलं. ते हातात कसं आलं, हे तिलाही कळलं नसावं.

"हात आपसूकच जाते, बाई. हे तुमी पेरलं?"

"हो, फुलांसाठी."

ती हसली नाही. "आमी निंदलेल्या वावरात हे फूल दिसलं का मालक चारचौघींत बोलते. मले तं ह्या फुलाचं भेवच लागते."

मी मनगट सोडलं.

आता सगळा कुर्डू तुऱ्यावर आलाय. ती अजून रोज जाते. कुंपण आलं की मान खाली घालते आणि डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरते. मी धरलं होतं, तिथेच.