कोरडी जाळी

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील तिच्या अभ्यासाबद्दल बोलायला शाळेत आले, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं. हात धुवायच्या जागेशी थांबून ते वाकले, जमिनीतल्या जाळीवर तळवा धरला आणि मगभर पाणी ओतूनच वर्गात शिरले. "सवय आहे, बाई," म्हणाले.

अणुवीज केंद्रात त्यांचं कामच ते होतं. तिथल्या खोल्यांच्या जमिनीत सांडपाण्याच्या जाळ्या असतात. जाळीखालच्या वाकड्या नळीत थोडं पाणी साचून राहतं, आणि तेवढ्यानेच सांडपाणी जमतं त्या टाकीतली किरणोत्सारी हवा खाली अडून राहते. पाणी सुकलं की तिला वाट मोकळी. म्हणून ते बादली घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत.

त्यांचा मेहुणा तिथेच फिटर. "भावोजी, जमिनीला पाणी पाजता, एकदा आम्हाला चहा तरी पाजा," असं सगळ्यांदेखत म्हणायचा. "तू आधी ताईची इस्त्री परत कर," हे उत्तर ठरलेलं.

त्या उन्हाळ्यात फिटरांच्या बसायच्या खोलीत जमिनीला रंग दिला. "वाळेपर्यंत पाणी नको, आम्ही सांगू," रंगारी म्हणाले, आणि सांगायचं विसरले. नव्या रंगावर डाग नको म्हणून यांनीही विचारलं नाही. खोली स्वच्छ, म्हणजे किरणोत्सार नाहीच असं धरलेल्या भागातली. हवा तपासायचं यंत्र तिथे नव्हतंच.

एका दुपारी ते तिथे डोकावले. पंखा बंद होता. मेहुणा खुर्ची कोपऱ्यात ओढून बसला होता.

"या, इथे बसा. छान गार झुळूक येते. सकाळपासून हलायचं मन होत नाही."

त्याच्या पायाशी, जाळीच्या कडेला रंगाऱ्यांची कागदी पट्टी चिकटून राहिली होती. तिचं सुटं टोक फडफडत होतं. वरच्या बाजूला.

"ऊठ."

"का हो, खुर्चीवर नाव आहे तुमचं?"

"ऊठ म्हटलं ना!"

बाहेरच्या दारातलं, अंगावरचा किरणोत्सार तपासायचं यंत्र मेहुण्यावर वाजलं. त्याला आंघोळ घातली, केस कापले, तरी ते वाजतच राहिलं. जे होतं ते छातीत गेलं होतं.

"अरे, वास तरी आला असेल ना?" बहिणीने विचारलं.

"नाही गं ताई. उलट बरं वाटत होतं."

चौकशीत रंगाऱ्यांकडे बोट दाखवता आलं असतं. "पाणी घालायचं काम माझं होतं," एवढंच ते बोलले. हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं. ते स्वतः विषय काढत नाहीत.

आता ते केंद्राच्या भांडारात असतात. मेहुण्याची वर्षातून दोनदा तपासणी असते. मोटारसायकलवर मागे बसवून त्याला तेच घेऊन जातात.